बाप ज्वाला निघाला : रामबागेतल्या एका गच्चीवरचं मिरची-प्रकरण

भाऊबीजेला आम्ही सगळे इंदूरच्या रामबागेत मामांकडे जेवायला होतो. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी आणि पानात डावीकडे बेसन, तीळ, कूट भरून तव्यावर परतलेली घरची भरली मिरची. मामांना डॉक्टरांनी तिखट बंद करून चार वर्षं झाली, पण भावनगरी या जाड, सौम्य मिरचीला त्या बंदीतून सूट आहे, असं मामांनी स्वतःच ठरवून टाकलंय. त्यांनी देठ धरून मिरची दोन घासांत संपवली आणि ताट सारून उठले ते थेट बेसिनपाशी. डोळ्यांतून पाणी, कान लाल. मामीनं श्रीखंडाची वाटी पुढे केली आणि तेवढंच कामाला आलं. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. त्यामुळे तांब्याभर पाण्यानं होणार नव्हतं ते दोन चमचे चक्क्यानं झालं.

गंमत म्हणजे शेजारच्या पानावर माझी आई तीच मिरची काकडीसारखी खात होती. माझी जेमतेम तिखट लागली, वहिनीची गोड. एकाच परातीतली, एकाच हातानं भरलेली मिरची, आणि मामांच्या वाट्याला निखारा.

"बिया एकूण एक काढल्या होत्या रे मी," मामी संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बिया काढल्या होत्या हे खरंच होतं. पण तिखटपणा बियांत नसतोच. आतल्या ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, ती शीर आणि तिचा देठाकडचा गड्डा, तिथे तो तयार होतो. बियांना फक्त त्याचा हात लागतो. मामीनं बिया खरवडल्या, शिरा तशाच ठेवल्या. भावनगरीत त्यानं काही बिघडत नाही. म्हणजे प्रश्न शिरांचा नव्हता. ही मिरची भावनगरी राहिली होती का, हा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेलो. भावनगरीची म्हणून लावलेली पाच झाडं होती. प्रत्येकाची एक मिरची तोडून आधी टोक चाखलं, मग देठाजवळचा तुकडा. टोकाला तिखट मिरचीसुद्धा सौम्य लागते, म्हणून भाजीवाल्यासमोर टोक चावून "गोड आहे" म्हणणारे लोक हमखास फसतात. तीन झाडं सरळ होती. दोन झाडांच्या देठाकडच्या तुकड्यानं माझी जीभ दहा मिनिटं बधिर केली. नीट पाहिल्यावर फरकही दिसला. त्या दोघांची फळं जरा सडपातळ, साल पातळ, अंगावर बारीक सुरकुत्या. सुरकुत्या पाहिल्या आणि शेजारच्या रोपाच्या पिशवीकडे नजर गेली. तिथे आदल्या वर्षीपासून ज्वाला ही तिखट मिरची उभी होती.

"मामी, हे बी कुठलं?"

"घरचंच. मागल्या वर्षीची मोठ्ठी लाल झालेली होती ना, तिचं वाळवून ठेवलं होतं."

उलगडा झाला. मिरचीचं फूल स्वतःचं परागण स्वतः करू शकतं, पण मधमाशी येते तेव्हा शेजारच्याचा परागही घेऊन येते. भावनगरीच्या काही फुलांवर ज्वालाचा पराग पडला. त्या वर्षी कुणाला काही कळलं नाही, कारण फळाचा गर आईच्या वळणाचा असतो. बापाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये. ते बी पेरलं, तेव्हा बाप ज्वाला निघाला. आणि तिखटपणा हा वरचढ गुण आहे, आईबापांपैकी एक जरी तिखट असला तरी पोर तिखटच निपजतं. "गोड मिरचीशेजारी तिखट लावली की गोडही तिखट होते" असं आपल्याकडे ठामपणे सांगतात, ते यातूनच आलं असावं. त्याच वर्षी नाही होत. बी धरलं तर पुढल्या वर्षी होतं.

इथपर्यंतचं निदान. खरं प्रकरण पुढे फेब्रुवारीत सुरू झालं. मामीनं फोन केला : "आता एकदा नीट सांग, कोणती मिरची लावू? अमकी एक सांग, बाकी सगळ्या उपटून टाकते."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कृषितज्ज्ञ नाही. पण वीस वर्षं गच्चीवर मिरची लावतोय आणि या "कोणती चांगली" प्रश्नाला उत्तर नसतं एवढं शिकलोय. मी मामीला म्हटलं, आधी पंधरा दिवस हिशेब ठेव. कालनिर्णयाच्या चौकोनात रोज लिहायचं : किती हिरवी मिरची लागली आणि कशात.

मामी शिक्षिका होती. हिशेब असा आला की ऑडिटरनं हात जोडावेत. पाच माणसांच्या घरात पंधरा दिवसांत ५४० ग्रॅम हिरवी मिरची. त्यातली ३०० ग्रॅम पोहे, उपमा, फोडण्या, कोशिंबिरी यांत. (इंदूरचं घर आहे, आठवड्यातून चारदा पोहे.) १२० ग्रॅम ठेच्यात, तोही फक्त मामी आणि माझा मामेभाऊ खातात. उरलेली १२० भरल्या मिरचीत आणि भज्यांत. लाल तिखट निराळं : वर्षाला तीन किलो सुकी मिरची, सियागंजच्या बाजारातून.

त्या रविवारी घरात बैठक बसली. प्रत्येकाचं मागणं वेगळं. मामांना भरली मिरची हवी, पण "पुन्हा तो प्रकार नको". मामीला ठेच्यासाठी झणझणीत. वहिनीला दोन गोष्टी : डब्यासाठी ढोबळी मिरची, आणि पावभाजीला रंग यावा म्हणून ब्याडगी. आणि माझा पुतण्या, वय वर्षं तेरा, त्याला भूत जोलोकिया. २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली होती, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर, हे त्याला तोंडपाठ होतं. तिचा तो मान पुढे दुसऱ्या मिरच्यांनी हिसकावला, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही.

गच्ची किती? अठरा फूट बाय बावीस. पश्चिमेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, तिची सावली दुपारी तीननंतर अर्ध्या गच्चीवर. बारा इंची चौदा पिशव्या बसतील, त्याहून जास्त लावल्या तर कपडे कुठे वाळत घालायचे, असा वहिनीचा रास्त सवाल. नर्मदेचा नळ एक दिवसाआड.

सगळ्यात आधी यादीतून ब्याडगी कापली. वहिनी नाराज झाली, पण आकडेमोड तिच्यासमोर मांडली. ओली लाल मिरची वाळून साधारण चौथाई उरते. तीन किलो सुक्या मिरचीला बारा किलो ओली लागेल. पिशवीतलं सांभाळलेलं झाड हंगामात मला अर्धा-पाऊण किलो देतं. म्हणजे सोळा ते चोवीस पिशव्या फक्त तिखटासाठी. चौदाची गच्ची आधीच संपली. वर ब्याडगीला रंग येतो तो झाडावर पूर्ण पिकू दिल्यावर. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ते पीक, २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, सुरकुतलेल्या बुटक्या 'डब्बी' ब्याडगीचा रंग बाजारात ओळखू येतो तो तिथल्या जमिनीवर, वाळवणीच्या अंगणात. इंदुरात ते विकत घ्यावं. शिवाय निमाडातली बेडियाची मिरची मंडी आपल्याला काही लांब नाही. खरगोन जिल्ह्यातून ट्रकच्या ट्रक सुकी मिरची येत असताना गच्चीवर तिखट पिकवणं म्हणजे रंगपंचमीला घरी रंग कुटत बसणं. गच्चीवर तेच पिकवावं जे ताजंच खायचं असतं.

मग उरला हवामानाचा भाग, आणि इथे वाणापेक्षा महिना मोठा असतो. मिरचीच्या फुलाला दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की परागच नीट काम देत नाही. फूल देठासकट गळतं. एप्रिल-मेमध्ये इंदूर चाळिशीला टेकतं. माळव्याच्या गार रात्री प्रसिद्ध आहेत खऱ्या, पण मे महिन्यात टिनाच्या डब्यासारख्या तापलेल्या गच्चीला त्या पुरत नाहीत. मामी दर वर्षी होळीच्या सुमाराला नर्सरीतून रोपं आणायची आणि मेमध्ये "फुलं धरत नाहीत, माती बदलू का?" विचारायची. मातीचा दोष नव्हता, पंचांगाचा होता. ज्वाला काय, सदाबहार काय, जूनच्या सुरुवातीला पेरून पाऊस स्थिरावल्यावर जुलैच्या मध्यात रोप हलवलं, तर फूल ऑगस्टअखेर येतं, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे इंदुरातले मिरचीचे सुखाचे महिने. ढोबळीचं उलट. तिला अठरा ते पंचवीसच्या मधलं सौम्य वारं लागतं, म्हणून ती ऑगस्टअखेर पेरायची आणि ऑक्टोबरात लावायची.

नर्सरीचाही एक घोळ होता. मामी जिथून रोपं आणायची तिथे वाण दोनच : मोटी आणि पतली. "भिया, मोटी ले जाओ, तीखी निकले तो वापस." निकली तर कोण परत न्यायला जातो? म्हणून या खेपेला बी. पाकिटावर तीन गोष्टी बघायच्या असं मी मामीला लिहून दिलं : वाणाचं पूर्ण नाव, उगवणीची टक्केवारी आणि वापराची शेवटची तारीख, आणि "एफ-१" असं छापलंय का. एफ-१ म्हणजे संकर. पीक एकसारखं नि भरघोस येतं, पण त्याचं बी धरलं की पुढची पिढी विस्कटते. मामीचा स्वभाव बी वाळवून डबीत भरण्याचा. अशा माणसानं संकराच्या वाटेला जाऊ नये.

असं करत करत यादी ठरली. फोडणीच्या रोजच्या मिरचीला चार पिशव्या पुसा ज्वाला : दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना, सरळ (म्हणजे संकर नसलेला) वाण, बुटकं पसरट झाड, बोटाएवढी फिकट हिरवी सुरकुतलेली लोंबती मिरची. मामांसाठी तीन भावनगरी. ठेच्यासाठी दोन पुसा सदाबहार, त्याच संस्थेचा. याच्या मिरच्या आकाशाकडे तोंड करून झुपक्यानं येतात, आणि थंडी-उन्हातून निभावलं तर झाड दोन-तीन वर्षं चालतं. ढोबळीला दोन पिशव्या, कॅलिफोर्निया वंडर. जोलोकियाला एक, पुतण्याच्या जबाबदारीवर. झाल्या बारा.

"दोन उरल्या की रे," मामी म्हणाली.

"त्या रिकाम्या ठेव."

हे तिला अजिबात पटलं नाही. रिकामी कुंडी म्हणजे तिच्या लेखी पडून राहिलेला पगार. पण मिरचीत दोन पिशव्या आणि पाच-सहा रोपं राखीव ठेवल्याशिवाय मी कुणालाच यादी देत नाही. का, ते लवकरच दिसलं.

मातीचं थोडक्यात सांगतो. माळव्याची काळी माती शेताला सोनं, पिशवीला शिक्षा. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि मुळांचा गळा धरते. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड. कंपोस्ट मामांचं खातं. अल्बर्ट हॉवर्डनं १९२४ साली इथे संस्था काढून काडीकचरा, शेण, राख, माती यांचे थर रचून वरचेवर उलथायची जी पद्धत बसवली, ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते, आणि त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. हे मामा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्यांचा ढीग एका जुन्या टाकीत आहे आणि वास खरोखर येत नाही.

जूनच्या आठ तारखेला बी पडलं. ज्वाला, भावनगरी, सदाबहार नवव्या दिवशी वर आल्या. जोलोकिया तेविसाव्या दिवशी, तोवर पुतण्यानं ती माती दोनदा उकरून पाहिली होती. ती वेगळीच जात. उगवायला सावकाश, पिकायला त्याहून सावकाश. रोपं मच्छरदाणीखाली वाढवली. पांढरी माशी रोपाला लहानपणीच गाठते, आणि तेव्हा लागलेली लागण पुढे भोवते.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सगळं हिरवंगार, आणि मग गौरी-गणपती आले. घरात माणसांची वर्दळ, चार दिवस गच्चीवर कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी मामीनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला : ज्वालाच्या एका झाडाचा शेंडा वरच्या बाजूला वळलेला, होडीसारखा.

इथे चूक माझी. फोटो पाहून मी म्हटलं, फुलकिडे. कारण फुलकिड्यांनी पान वर वळतं आणि कोळी किडींनी खाली, हा ठोकताळा डोक्यात पक्का. निळे चिकट कागद लाव, लिटरला पाच मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात घोळून फवार, चार दिवसांनी परत. मामीनं ते इमानेइतबारे केलं. आठ दिवसांनी दुसरं झाडही तसंच झालं, तेव्हा मी स्वतः गेलो.

हात लावल्याबरोबर कळलं. पानं नुसती वळलेली नव्हती. बारकी, पिवळट, शिरा जाडसर, दोन पानांमधलं अंतर आखडलेलं, शेंडा मुठीसारखा गोळा. झाड हलवलं तर पानामागून पांढऱ्या ठिपक्यांचा भुरका उडाला. चुरडा-मुरडा. बोकड्या म्हणतात तो. हा विषाणू आहे, पांढऱ्या माशीच्या तोंडातून येतो. त्याच्यावर औषध नाही. माशीवर आहे, विषाणूवर नाही. फोटोत वळलेलं पान दिसतं. आखडलेलं अंतर आणि जाड शीर हातात झाड घेतल्याशिवाय दिसत नाही. तेव्हापासून मी फोटोवरून बोकड्याचं निदान करत नाही.

"उपटायची, मामी. आत्ता. दोन्ही."

"अरे, कळ्या धरल्यात त्याला!"

खरोखर धरल्या होत्या. आखडलेल्या शेंड्यात सात-आठ कळ्या, मोत्यांसारख्या. तीन महिने पाणी घातलेलं झाड, आणि नेमकं देण्याच्या दिवसांत त्याला उपटा म्हणणारा भाचा. मी समजावलं की या कळ्यांच्या मिरच्या वाकड्या, बोटभरसुद्धा होणार नाहीत, आणि तोवर हे झाड बाकीच्यांना प्रसाद वाटत बसेल. मामी गप्प राहिली. मी गेल्यावर तिनं झाडं उपटली नाहीत. पिशव्या टाकीच्या आड सरकवल्या, माझ्या नजरेआड. हे मला पुढच्या रविवारी कळलं, तेव्हा ज्वालाचं तिसरं झाड आखडायला लागलं होतं. माझे आठ दिवस आणि तिचे सात, असे मिळून पंधरा दिवस माशीला मोकळं रान मिळालं. चूक कुणाची जास्त, यावर आमचं अजून एकमत नाही.

शेवटी मामांनी तिन्ही झाडं उपटली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि कचरागाडीत दिली. कंपोस्टात टाकू दिली नाहीत. मग पिवळे चिकट कागद लावले आणि मच्छरदाणीतली राखीव रोपं रिकाम्या पिशव्यांत गेली. पण सप्टेंबर निम्मा सरला होता. ती रोपं फुलावर यायला ऑक्टोबर संपला, आणि नोव्हेंबरअखेर इंदूरची थंडी उतरली की मिरची झोपी जाते. फळं धरतात ती खुरटी. त्या वर्षी दिवाळीत, चौदा पिशव्यांच्या गच्चीखाली राहणारी मामी चोइथराम मंडीतून पाव किलो हिरवी मिरची घेऊन आली. मी बरोबर होतो. दोघंही काही बोललो नाही.

मग पोह्यांचं काय झालं? सदाबहारनं निभावलं. ठेच्यासाठी म्हणून लावलेली दोन झाडं ऑक्टोबरपासून झुपकेच्या झुपके द्यायला लागली. मिरची लहान पण पक्की तिखट. मामी फोडणीत दोनच्या जागी एक टाकायला शिकली. थंडीत झाड मंदावलं, मेलं नाही. फेब्रुवारीत छाटलं तर मार्चमध्ये पुन्हा पालवलं, आणि मार्चच्या शेवटच्या उबदार पंधरवड्यात, मे यायच्या आत, परत एक बहर देऊन गेलं. त्यांना बोकड्या का लागला नाही? वाणाचा गुण म्हणता येईल. पण ती दोन झाडं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, ज्वालांपासून बारा फुटांवर होती, हेही आहे. दोन झाडांवरून वाणाला प्रमाणपत्र देणं मला जमणार नाही. पुढच्या वर्षीची यादी मात्र मी त्यावरूनच उलटवली : सदाबहार चार, ज्वाला दोन, आणि त्या दोन एकमेकींपासून लांब.

बाकीचे निकाल पटकन. ढोबळीनं झाडाला चार-चार फळं दिली, बाजारातल्यापेक्षा लहान; वहिनी खूश, हिशेब केला तर तोट्यात. जोलोकियाला मार्चमध्ये दोन फळं लाल झाली. एक पुतण्यानं शाळेत दाखवायला नेलं आणि बाईंनी ते डबीतून बाहेर काढू दिलं नाही, दुसरं मिठाच्या बरणीत आहे. पिकलेल्या लाल ज्वाला पोपटांनी नेल्या. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, ते बी पोटातून नेऊन दूर टाकतात. झाडाला तेच हवं असतं. मामा त्यांना हाकलायला गुलेल घेऊन बसत नाहीत, नुसते मोजतात.

आणि भावनगरी. हीच तर मूळ तक्रार होती. तीन झाडं सप्टेंबरअखेर फळावर आली. पहिली मिरची मामांनी खाल्ली नाही. आधी मी, मग मामेभाऊ, मग वहिनी, अशी चाखणी झाली. गोड. पाणी मात्र नियमानं द्यायचं असं बजावलं होतं, कारण उन्हात झाड तहानलेलं ठेवलं की सौम्य मिरचीसुद्धा अंगात तिखट धरते.

पण मामी बी धरणारच, हे मला माहीत होतं. तेव्हा ते नीट कसं धरायचं, ते दाखवलं. हळदीकुंकवाला बदाम-खडीसाखर घालून देतात त्या जाळीच्या छोट्या पिशव्या घरात पन्नासेक पडून होत्या. भावनगरीची एक फांदी निवडायची. तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं खुडून टाकायची, फक्त मिटलेल्या कळ्या ठेवायच्या. त्यावर जाळीची पिशवी घालून नाडी आवळायची, मधमाशी आत शिरू नये इतपत. रोज सकाळी फांदीला एक टिचकी, म्हणजे फुलातला पराग त्याच फुलावर पडतो. फळ शेंगदाण्याएवढं झालं की पिशवी काढायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा, कारण महिन्याभरानंतर कुठली मिरची पिशवीतली आणि कुठली मोकळी हे देवालाही ओळखता येत नाही. लाल दोऱ्याची मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायची, नुसतं तिचंच बी धरायचं. मामीनं प्रत्येक झाडाला दोन अशा सहा पिशव्या बांधल्या. गच्चीवर जणू झाडांचंच हळदीकुंकू.

यंदा त्या सहा मिरच्यांच्या बियांची सहा झाडं लावली, प्रत्येक पिशवीचं एक, वर नंबर टाकून. परवा त्यांची पहिली तोड झाली. मामीनं सहा मिरच्या बशीत ओळीनं मांडल्या आणि देठाकडचा तुकडा कापून मला दिला, एकेक करून. पहिल्या पाच गोड. सहाव्यानं मला बेसिन गाठायला लावलं.

मामी डायरी घेऊन आली. सहा नंबरच्या पुढे, मागल्या ऑक्टोबरात, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : "पिशवीला भोक. खार?"

ते झाड तिनं उपटलं नाही. त्याला काळा दोरा बांधलाय, आणि त्याची मिरची फक्त ठेच्यात जाते.